गाड्यांच्या जागेतला हौद

उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून आम्हाला फ्लॅट विकला. जिल्हा झाला की भाव बघा, असं बिल्डर ज्याला त्याला सांगायचा. नकाशात खाली सगळ्यांसाठी पार्किंग होतं. बांधकाम अर्ध्यावर आल्यावर त्यानं आम्हाला वाळूच्या ढिगाजवळ खुर्च्या टाकून बसवलं आणि गोड आवाजात विचारलं, "गाड्या हायत किती जणांकडं? पार्किंग कमी करू. त्या जागेत मोठा हौद बांधतो, अन् समोर दोन गाळे काढतो."

दुष्काळानं पोळलेली माणसं आम्ही. हौद म्हणल्यावर नको कोण म्हणेल? सगळ्यात आधी हात वर केला तो माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आंघोळीशिवाय त्या गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करत नसत, अन् पूजेशिवाय तोंडात घास घालत नसत. त्यांना तर देवच पावला.

जिल्हा काही झाला नाही, गाड्या मात्र आल्या. एकानं घेतली की दुसऱ्याला झोप येईना. खाली जागा नाही, म्हणून सगळे बोळात लावू लागले. बिल्डर गाळे विकून कधीच मोकळा झाला होता.

मग पावसानं दगा दिला. नळ बंद, बोअर आटलं, हौद खडखडीत. टँकर सांगायचा अन् वाट बघत बसायचं. एकदा घरात हंडाभर प्यायचं पाणी उरलं होतं आणि आत्या आदल्या दिवसापासून उपाशी होत्या. ओल्या फडक्यानं अंग पुसून देते म्हणलं तर म्हणाल्या, "मी काय आजारी हाय का?" हट्ट म्हणजे हट्ट. मला राग यायचा, अन् कीवही.

सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. मी धावतच खाली गेले. बोळाच्या तोंडाशी दुसऱ्या मजल्यावाल्याची गाडी, कव्हर घालून. टँकर आत येईना, पाइप हौदापर्यंत पुरेना. त्याला उठवलं, तर जांभई देत म्हणाला, "काढून लावू कुठं, वहिनी? पुढं-मागं गाड्याच हायत. पार्किंग कमी करा म्हणून पहिला हात तुमच्याच घरातून वर झालता."

घागरीनं तरी घेऊ दे, असं मी टँकरवाल्याला म्हणलं. "एवढा टाइम कुठाय, ताई," म्हणत त्यानं टँकर मागं घेतला. त्या गाडीची चारी चाकं फोडावीत असं वाटलं. अजून वाटतं.

वर आले. आत्या गळ्यातलं लिंग मुठीत धरून खिडकीत बसल्या होत्या. खालचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी न विचारताच हंड्यातलं तांब्याभर पाणी काढलं, फडकं भिजवलं. या वेळी त्यांनी अडवलं नाही. पाठ पुसताना म्हणाल्या, "खरंच की गं. पहिला हात माझाच होता."

पूजा झाली. मी ताट वाढलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं. "भूक न्हाई," म्हणाल्या.