मीठ, गूळ आणि मास्टरकाका

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे भजन असलं की दाराशी बूट साठतात, तसे ते साठतात. सगळे घरी गेले तरी एखादा जोड उरतोच. आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या भजनात उरलेले बहुतेक जोड मास्टरकाकांचे.

काका मल्याळी. जन्मभर मल्याळम सिनेमांना संगीत दिलं; तिकडे संगीतकाराला 'मास्टर'च म्हणतात. काकू गेल्या, तशी त्यांच्या मुलीने, आमच्या शेजारच्या लताने, त्यांना इकडे आणलं. "दीदी, तेव्हापासून बाबांनी एकही नवी चाल केली नाही. गुणगुणतसुद्धा नाहीत," ती एकदा कुंपणाशी उभी राहून म्हणाली.

मला दुसरं काय येतं? संकष्टी धरली, आणि काकांची नवी चाल होईपर्यंत गोड सोडलं.

"तू सोडलंस ते ठीक," आमचे हे म्हणाले, "पण शिरा माझाही बंद का?"

*

लता काकांना पेटीसकट भजनाला सोडून जाऊ लागली. पहिल्याच दिवशी शोभाताईंनी डोळे मिटून अख्खा अभंग वरच्या पट्टीत म्हटला. मग विचारलं, "काका, कसं वाटलं?"

काकांनी थोडा विचार केला. "सिनेमात अशा वेळी आम्ही व्हायोलिनं वाढवायचो."

शोभाताई आठवडाभर खूश होत्या. मग त्यांच्या मुलीनेच सांगितलं, "मॉम, दॅट वॉज नॉट अ कॉम्प्लिमेंट."

*

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत काकांचा सत्कार झाला. निवेदकाने मोठ्या आवाजात ओळख करून दिली, "साउथचे थोर तमिळ संगीतकार!"

काकांनी शाल सावरली, माइक घेतला. "थँक यू. मिनेसोटात इतके गुजराती राहतात, मला ठाऊकच नव्हतं."

*

एकदा भजनानंतर चहा पिताना मी विचारलं, चाल सुचते तरी कशी?

काका म्हणाले, सिनेमात चाल आधी, शब्द मागाहून. तोवर चालीत बसेल ते काहीही भरायचं. ते पेटीवर बसले की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, मीठ संपलंय, खोबरेल आणा. काका तेच गात चाल बांधत. मग कवी येऊन त्या जागी विरह लिहून जाई.

पुढे थिएटरात नायिका रडतेय, लोक डोळे पुसताहेत, आणि काकू त्यांच्या कानाशी, "मीठ शेवटी आणलंच नाहीत तुम्ही."

आम्ही सगळ्या हसलो. काका कपाकडे बघत म्हणाले, "आता घरात काही संपतच नाही. लता सगळं ऑनलाइन मागवते."

*

त्या वर्षी हिवाळा हटेना. संकष्टीमागून संकष्टी गेली. आभाळ सदा भरलेलं, चंद्रोदय फोनवर बघून उपास सोडायचा. बाबा काही गुणगुणले का, हे लताने विचारणं सोडून दिलं होतं. "गणपतीला इकडचा पत्ता सापडत नसेल," हे म्हणाले. मी थकले होते, खोटं कशाला सांगू? पण धरलेलं सोडायचं कसं?

*

अशाच एका संकष्टीला बर्फामुळे भजन कॅन्सल केलं. लताने मेसेज पाहिलाच नाही. काकांना दाराशी सोडून ती कामावर गेली. ते डायनिंग टेबलाशी पेटीवर नुसती बोटं फिरवत बसले. मी नैवेद्याच्या मोदकांसाठी डबा उघडला, तर तळाशी चिकटलेला चुरा तेवढा. हे बेसमेंटमध्ये ऑफिसच्या कामात. मी जिन्यातून ओरडले, "अहो, गूळ संपलाय! नारळही आणा!"

मागे पेटी थांबली.

"मोळे," काका म्हणाले. मोळे म्हणजे लेकी. "काय संपलं?"

"गूळ, काका. जॅगरी."

"परत सांग. ओरडलीस तसं."

मी ओरडले. काकांनी भाता ओढला. 'गूळ संपलाय' वर चढलं, क्षणभर तिथेच थांबलं, आणि 'नारळही आणा' एकेक पायरी उतरत खाली आलं. आमच्यात कोणीच कधी न ऐकलेलं. मग पुन्हा 'गूळ संपलाय', या खेपेला दुसऱ्याच वळणाने. काकांचे डोळे मिटलेले होते.

हे वर आले, जॅकेट चढवलं, गाडीची किल्ली उचलली. "पिवळा आणू की काळा?"

मी दारात आडवी उभी राहिले.

"राहू द्या," मी हळूच म्हटलं. "इतक्यात नका आणू."