माशाखालचं पाणी

अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला आणि माझा उजवा हात थरथरायला लागला. ऑफिसात सही करायची वेळ आली की मी ती उद्यावर ढकलायचो. चारचौघांत मी तो हात खिशातच ठेवायचो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून सकाळी दमणगंगेच्या काठी जायला लागलो.

तिथं रविवारी एक माणूस मासे पकडत बसलेला असायचा. जवळच्या आमलीतल्या चिकनच्या दुकानातून आणलेली पिसं गळाला दोऱ्यानं बांधून तो खोटी माशी बनवायचा. त्या माशीला फसलेला मासा ओल्या हातात धरून नीट बघायचा आणि सोडून द्यायचा. मग मांडीवर कागद घेऊन, नदीच्याच पाण्यात रंग कालवून, चार फटकाऱ्यांत तो मासा रंगवायचा. त्याच्या कंपनीत आलेल्या एका जपानी साहेबानं त्याला हे दोन्ही शिकवलं होतं. त्याची बोली मात्र खानदेशातली.

एकदा त्यानं हाक मारली, "भाऊ, या गाठीवर जरा बोट दाबा ना."

मी डावं बोट पुढं केलं. त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं आणि गाठ आवळली. मासा रंगवून झाल्यावर कुंचला माझ्यापुढं धरला. "खालचं पाणी तुम्ही काढा."

"माझा हात हलतो हो."

"हलू द्या. पाणी कुठं सरळ राहतं, भाऊ?"

ते चित्र आज माझ्या घरात आहे. त्यावर त्याचं नाव नाही. कागद वाळल्यावर तो म्हणाला होता, "सही तुम्हीच करा."

मी उजव्या हातानं केली.