चेपक्या थाळीचा डाव

आमचा कुत्रा गेला तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची होते. पोरवयच ते. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या चौसष्टीतल्या बाईची आठवण आली की मला तिची दया येते आणि हसू येतं, पण हसू आधी.

ती बाई म्हणजे तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण. ग्रहण लागलं की वर्गातल्या पोरांना मुद्दाम शेंगदाण्याचे लाडू खायला घालणारी. सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, सगळं घर नदीकाठी उन्हात उभं, ज्याला त्याला काळजी की म्हाताऱ्याची कुठली इच्छा राहिली. तेव्हा ही बया म्हणाली, "पोट भरलं असेल कावळ्याचं." हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. त्यावर थोरल्या जाऊबाई चार वर्षं माझ्याकडे पाठ करून चहा पीत होत्या.

तर अशा ह्या बाईने कुत्र्याचा दहावा घातला.

कुत्रा गावठी, पिवळसर, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या नावाने हाक मारली तर तो कधी आलाच नाही. त्याची जर्मनची थाळी होती, एका बाजूने चेपलेली. ती वाजवली की यायचा. मळवलीच्या आमच्या घराच्या पडवीत त्याचं राज्य, आणि त्या राज्याचं एकच धोरण, कावळे. जेवण झालं की थाळीत चार शितं राखून ठेवायची, शेजारी मेल्यासारखं पडायचं, एक डोळा किलकिला. कावळा थाळीशी उतरला की झडप. तेरा वर्षांत एकही कावळा त्याच्या तोंडी लागला नाही, आणि एकाही कावळ्याला त्या थाळीतलं शीत मिळालं नाही. माझ्या कुरडया, सांडगे, पापड मात्र त्या तेरा वर्षांत अंगणात बिनघोर वाळले. त्याचं श्रेय मी ऊन कडक असतं याला द्यायचे.

शेवटी त्याचे मागचे पाय गेले. पडवीत एका पोत्यावर पडून असायचा आणि पडल्या पडल्या कुंपणावरच्या कावळ्यांवर भुंकायचा. एका संध्याकाळी मी लेकीशी फोनवर बोलत होते. नातीच्या दाताचं काहीतरी चाललं होतं आणि मला ऐकू येईना. मी वळून ओरडले, "गप्प बस एकदाचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला.

सकाळी दूधभात घेऊन आले तर तो थाळीशी पडलेला, मेल्यासारखा. मला वाटलं, डाव चाललाय. त्याचा कावळा उडू नये म्हणून मी पाऊल न वाजवता मागे फिरले. चहा केला, प्यायले, परत आले. तरी तसाच. डोळा किलकिला होईल म्हणून मी किती वेळ उंबऱ्यात उभी होते कोण जाणे. विज्ञानाची शिक्षिका.

शेजारच्या बंगल्याची राखण करणाऱ्या आबांनी आमच्या फणसाखाली खड्डा घेतला. सगळं झालं आणि माझं सुरू झालं. जेवायला बसले की ते वाक्य, आंघोळीला गेले की ते वाक्य. एकदाचा गप्प बस म्हटलं आणि तो एकदाचा बसला. भाजीवालीला म्हटलं, "तो माझ्यावर रागावून गेला गं." ती म्हणाली, "व्हय मावशी," आणि अर्धा किलो वांगी जास्तीची घातली. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. ते रोज फणसाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे, आणि एकच पान सकाळभर वाचायचे.

आठव्या दिवशी मी गुरुजींना फोन लावला.

"दहावा करायचाय."

"गेलेल्याचं नातं काय तुमच्याशी?"

"मुलगाच म्हणा."

गुरुजींचा आवाज मऊ झाला. "अरेरे. वय?"

"तेरा."

"शिव शिव. काय झालं होतं?"

"पाय गेले होते हो. मागचे."

"मागचे म्हणजे?"

"चारातले मागचे दोन."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही दूधभात ठेवा. मंत्र मनातल्या मनात म्हणा." कुठले ते सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

ह्यांनी विचारलं, "विज्ञान काय म्हणतं यावर?"

"विज्ञान निवृत्त झालं," मी म्हटलं. "उद्या दूध जास्त घ्या."

दहाव्या दिवशी सकाळी मी फणसाशी त्याचं पोतं अंथरलं, कारण त्याला आपलं वाटायला हवं. त्याची चेपकी थाळी घासून मधोमध ठेवली. तीत भाताचा मुटका, वर दूध, शेजारी लोणावळ्याची चिक्की, कारण ती दाताला चिकटली की त्याला तासभर उद्योग मिळायचा. थाळीभोवती त्याचा गळपट्टा. माझी त्याने कुरतडलेली चप्पलही ठेवली. मग आम्ही दोघं पाच हात मागे सरून हात जोडून उभे राहिलो.

कावळे होते. शेजारच्या बंगल्याच्या पाण्याच्या टाकीवर सात-आठ बसले होते आणि आमच्याकडे पाहत होते. एकही हलला नाही.

अर्धा तास गेला. मी म्हटलं, "तुला सोफ्यावर बसू देईन." कावळे ढिम्म. "मांजर पाळणार नाही कधी." तरी ढिम्म. "लेकीचा फोन आला तरी तुझं भुंकणं आधी ऐकीन." हे माझ्याकडे न बघता थाळीला म्हणाले, "रोज दुपारी दोन पाव दिले ते मीच. चहात बुडवून. साखरेच्या."

"तरीच," मी म्हटलं, "डॉक्टर त्याच्या वजनावरून मला बोलायचे."

"तू झोपलेली असायचीस."

शेजारी शनिवार-रविवारचं बिऱ्हाड उतरलं होतं. उन्हाळ्यात भुशी धरणाला पाणी नसतं, मग ही माणसं बंगल्याच्या पोहायच्या तलावात डुंबायला येतात. त्यातली एक ओल्या केसांची मुलगी भिंतीवरून डोकावली. "काकू, कसली पूजा आहे?"

"कुत्र्याचा दहावा," हे म्हणाले.

तिने "ओके" म्हटलं आणि आत जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. पाच माणसं टॉवेल गुंडाळून भिंतीपलीकडे हात जोडून उभी राहिली. त्यातल्या एकाने तर डोळे मिटले. मला तेव्हा यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

ऊन चढलं. दूध आटून भाताला साय धरली. मी खाली बसले आणि ह्यांना सांगितलं, "तो रागावलाय माझ्यावर. शिवायचा नाही कावळा. मी इथून उठायची नाही."

तेव्हा आबा आले. गावात कुणाचाही दहावा असो, कावळा अडला की आबांना बोलावतात. तो मान त्यांचा. त्यांनी टोपी मागे सरकवली, पोतं बघितलं, पट्टा बघितला, थाळीपाशी आले आणि थांबले.

"बाई, ही थाळी कुणाची?"

"त्याचीच."

"त्याच्याच थाळीत घातलंय?"

"मग कशात घालू, आबा?"

त्यांनी टाकीवरच्या कावळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी शाळेत काय शिकवायचा?"

मी भातावरची माशी वारली.

"तेरा वरसं ह्या थाळीनं त्यास्नी फसिवलं. थाळी दिसली की कुटंतरी त्यो हायच, हे त्यांच्या पिल्लास्नी बी ठावं. आन तुमी थाळीसंगं त्याचं पोतं मांडलं, पट्टा मांडला. कावळं म्हंत्यात, ह्यो डाव हाय." त्यांनी थाळीकडे बोट केलं. "मेला तरी डाव चालूच हाय लेकाचा."

हे पहिल्यांदा हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा. आणि मग तोंड फिरवून फणसाला टेकले.

"थाळी उचला, बाई. भात पानावर घाला."

सोपं होतं ऐकायला. पण ती थाळी उचलायची म्हणजे तो तिथे नाही हे मीच कावळ्यांना सांगायचं. मी म्हटलं, "राहू द्या, आबा. नाही शिवला तर नाही शिवला."

"आवं, त्यो तितं राखण करीत बसलाय तुमच्यापायी. सुट्टी द्या की त्याला."

मी थाळी उचलली. भात फणसाच्या पानांवर काढला, चिक्कीही. पोतं, पट्टा, चप्पल, सगळं ह्यांनी गोळा केलं. थाळी पदराखाली धरून मी पडवीत जाऊन बसले आणि म्हटलं, "बस रे आता. झालं." तीच दोन अक्षरं, बस. पण या वेळी मी ती ओरडून म्हटली नाही.

एक कावळा उतरला. लांबूनच तिरक्या उड्या मारत आला, मान वाकडी करून पोतं कुठे गेलं ते पाहिलं, आणि चोच मारली. भिंतीपलीकडच्या टॉवेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तो कावळा चिक्की घेऊन उडाला.

माझ्यातली मास्तरीण म्हणाली, थाळी हलवली म्हणून आला, यात क्षमेबिमेचा काही संबंध नाही. मी तिला म्हटलं, तू चहा पी, पाठ करून. आणि मी पोटभर रडले.

त्या दिवशी कावळ्यांना एक बातमी कळली, की त्या घरचा गेला. पुढच्या आठवड्यात मी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या, आणि आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत अर्ध्या कुरडया टाकीवर पोचल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. ते माझ्याकडे बघत खात राहिले. शेवटी मी पडवीत गेले, चेपकी थाळी आणून अंगणात ठेवली, शेजारी खाली बसले आणि भुंकले.

पहिलं भुंकणं खोकल्यासारखं झालं. दुसरं बरं जमलं. तिसऱ्याला सगळे कावळे उडाले आणि शेजारच्या तलावातलं एक कुटुंब पाण्याबाहेर आलं.

आता अकरा उन्हाळे मी भुंकतेय. कुत्रा पुन्हा पाळला नाही. घरात एका वेळी एक पुरे. नात सुट्टीत आली की मला म्हणते, "आजी, तुझं लांबूनच खरं वाटतं." मी तिला शिकवतेय. पडून राहायचं, एक डोळा किलकिला, घाई करायची नाही.

परवा मी अशीच रंगात आले होते, आणि आत हे फोनवर कुणाशी तरी पेन्शनच्या कामाचं बोलत होते. आतून ओरडले, "अगं, गप्प बस एकदाची."

आणि मग आत काहीच आवाज येईना. थोड्या वेळाने ते दारात येऊन उभे राहिले. फोन हातात तसाच, पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करतोय. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि अजून मोठ्याने भुंकले.