नागपूर, दिल्लीमार्गे

जबलपूरहून नागपूरला जायला आम्हाला कधी डोकं लावावं लागलं नाही. सकाळची बस, सिवनीला चहा, दुपारी नणंदेच्या घरी जेवण. इथल्या निम्म्या मराठी घरांची सोयरीक नागपूरची, त्यामुळे तो रस्ता आमच्या पायाखालचा. गेल्या हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मी बसचं तिकीट काढायचा विषय काढला, तर आमचे हे म्हणाले, "बसने काहून? मी विमानाने जातो. दिल्लीवरून."

नागपूर खाली, दिल्ली वर. मी यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ताप नव्हता, गोल्ड कार्ड होतं. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर यांनी एका खाजगी कंपनीत सल्लागाराचं काम धरलं होतं. कंपनी यांना आज हैदराबाद, उद्या दिल्ली असं फिरवायची. एवढं उडाल्याबद्दल विमानवाल्यांनी यांना ते कार्ड दिलं. कार्डवाल्याला वेगळी रांग, विमानात सगळ्यांच्या आधी प्रवेश, मोठ्या विमानतळावर लाउंजमध्ये फुकट खाणंपिणं, आणि सामानाला एक नारिंगी पट्टी, म्हणजे बॅगसुद्धा इतरांच्या आधी बाहेर येणार.

मला पहिल्या दिवसापासून त्या कार्डाचा संशय होता. मीही त्याच फॅक्टरीत, इन्स्पेक्शनमध्ये होते. समोर आलेल्या मालात खोट आहे असं धरूनच तो हातात घ्यायचा, यातच माझी सगळी नोकरी सरली. ओळख ना पाळख, आणि कोणी आपल्याला फुकट सूप पाजतो? बदल्यात तो काहीतरी नेत असणार. काय नेतो ते तेवढं कळत नव्हतं. एकदा मीही यांच्यासोबत गेले. आम्ही दोघं ऐटीत सगळ्यांच्या आधी चढलो आणि नुसते बसून राहिलो. बाकीचे येत होते, त्यांच्या पिशव्या आमच्या डोक्यावरून जात होत्या.

"आधी चढून काय मिळालं?" मी विचारलं.

"आधी बसायला मिळालं," हे म्हणाले, आणि त्यांना खरोखर आनंद झालेला होता.

मग वर्ष संपत आलं, सल्लागाराचं काम संपलं, आणि कार्ड टिकवायला थोड्या फेऱ्या कमी पडल्या. त्या आता आपल्याच खिशातून करायच्या. विमानवाले काय नेतात ते मला तेव्हा दिसायला लागलं.

"अहो, तुम्ही मुलीचे मामा आहात," मी म्हटलं. "एकुलते एक. अंतरपाटापाशी तिला तुम्हीच न्यायचं आहे."

"मी आदल्या दिवशीच पोहोचून राहिलो ना. तू काहून एवढी शंका घेऊन राहिली?"

"आणि दिल्लीचं धुकं?"

"कार्डवाल्यांना पुढच्या विमानात पहिली जागा देतात. नियम आहे."

ती मुलगी सगळ्या सुट्ट्या आमच्या क्वार्टरमध्ये काढून मोठी झाली. हे तिला खांद्यावर बसवून दसरा दाखवायला न्यायचे. लग्न ठरल्यावर तिचा पहिला फोन मामाला आला होता, "मला मांडवात तुम्हीच नेणार ना?" हे म्हणाले होते, "खांद्यावर बसवून नेतो." म्हणून मी इतकी चिडले होते. कार्ड गेलं तर पुन्हा मिळालं असतं, मुहूर्त मिळाला नसता.

मी बसने गेले. सिवनीला चहा प्यायले, दुपारी नणंदेकडे जेवले. संध्याकाळी सीमांतपूजनाच्या गडबडीत यांचा फोन आला.

"धुकं आहे थोडं. पण तू काळजी नको करू, मी लाउंजमध्ये आहे. टमाट्याचं सूप आहे, भजी आहेत."

लग्नाच्या दिवशी सकाळी मीच फोन केला. यांचा आवाज बसला होता. "यादीत माझं नाव सगळ्यांत वर आहे," हे म्हणाले.

"आणि विमान?"

"विमान नाही अजून."

गुरुजींनी हाक मारली, "मुलीच्या मामांना बोलवा." नणंद माझ्याकडे बघेना. नणंदेचा एक लांबचा चुलतभाऊ उपरणं सावरत पुढे झाला, तेव्हा मुलगी म्हणाली, "नको. मामी, तुम्ही चला." गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि हातानेच 'चला' अशी खूण केली. मी तिचा हात धरला आणि तिला अंतरपाटापाशी नेलं. राग असा होता की मंगलाष्टकं मला ऐकूच आली नाहीत.

शेवटची पंगत उठत होती तेव्हा हे आले. बॅगेला नारिंगी पट्टी लोंबत होती. दारातल्या कोणालातरी सांगत होते, "सामान मात्र सगळ्यांच्या आधी आलं." मग समोर मुलगी दिसली, गळ्यात मंगळसूत्र घातलेली, आणि यांचं बोलणं तिथेच थांबलं. ती जोडीने पाया पडली. उठून एवढंच म्हणाली, "मामा, जेवलात का?"

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जे सुनावायचं ठरवून बसले होते, ते मला सुनावता आलं नाही.

आयुष्यभर हे फॅक्टरीच्या गेटवर अंगझडतीच्या रांगेत उभे राहिले, आणि साहेबांच्या गाड्या बाजूने निघून गेल्या. कोणीतरी एकदा "सर, आधी आपण" म्हणालं, आणि हा माणूस भुलला. मला यांचा राग आला तसं वाईटही वाटलं. पण या माणसाला नेमकं एवढंच हवं आहे, हे त्या विमानवाल्यांना कुठून कळलं, हा माझा संशय अजून गेलेला नाही.

परतीचं तिकीट दिल्लीवरूनच होतं. तेवढी फेरी केली असती तर कार्ड टिकलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नणंदेचा निरोप घेऊन निघाले, तर हे बॅग उचलून मागे आले. पट्टी कुठेतरी तोडून टाकली होती.

स्टँडवर जबलपूरची बस लागली तशी झुंबड उडाली. मी कोपर मारत चढले आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. हे खाली दाराशी उभे होते. म्हाताऱ्यांना, पोरं कडेवर घेतलेल्या बायकांना, धडधाकट पोरांनासुद्धा हाताने वाट दाखवत होते, "आप चलिए, पहले आप." सगळ्यांच्या शेवटी चढले, रुमाल उचलला आणि बसले.