चिन्नोरात पुरलेला कम्प्युटर

बायकोच्या कम्प्युटरला ताप आला आहे, हे निदान मी स्वतःच केलं आणि उपचारही स्वतःच सुरू केले. नवतप्याचे, मे अखेरच्या रणरणत्या उन्हाचे दिवस होते. घरात कुणाचं अंग तापलं की कपाळावर ओली पट्टी ठेवायची, एवढं वैद्यक मला येतं. मी माझा दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यावर पुढून-मागून नीट पांघरला. कडा खोचल्यासुद्धा. डबा आधी घुरघुरत होता, मग किंचाळायला लागला आणि एकदम गप झाला. पडदा काळा.

मला बरं वाटलं. म्हटलं, झोप लागली.

थोड्या वेळानं बटण दाबलं. चालू झाला, किंचाळला, बंद. पुन्हा दाबलं. या वेळी पडद्यावर चित्र यायच्या आधीच बंद. दुपट्ट्याखाली हात घातला तर डब्याची पाठ तव्यासारखी लागत होती. तेव्हा मात्र मी घाबरलो, कारण त्या डब्यात बायकोचं नाटक होतं, आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

आम्ही साकोलीला राहतो. मी एका कॉलेजात क्लार्क, बायको शाळेत शिकवते, पोरगी नागपूरला इंजिनिअरिंगला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस लागले की गावोगाव मांडव पडतात आणि उजाडेपर्यंत नाटकं चालतात. बायको लहानपणापासून अशी नाटकं पाहत आलेली, आणि प्रत्येक नाटक पाहून आल्यावर ‘असं नाई, असं पायजे होतं’ असं म्हणत आलेली. गेल्या मंडईनंतर ती स्वतःच लिहायला बसली. शाळेतून आली की कम्प्युटरसमोर. कागदावर एक ओळ नाही, सगळं थेट टाईप. तिच्या माहेरच्या, कोंढ्याच्या नाटकमंडळानं ‘ऐकवा तर खरं’ म्हटलं होतं, आणि वाचन या तापाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलं होतं.

दुसरी प्रत का नव्हती, तर चोरीच्या भीतीनं. तिच्या मामेभावाचं एक नाटक कुणीतरी असंच वाचायला म्हणून नेलं होतं. पुढच्या मंडईला ते दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच नावानं उभं राहिलं. खलनायकाचा खोकलासुद्धा तोच. तेव्हापासून तिनं धडा घेतलेला. पेन ड्राईव्ह नाही, मोबाईल नाही, इंटरनेट नाही. मलाही वाचू दिलं नव्हतं. “तुमच्या पोटात काई रायते का?” हे तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

त्या दिवशी ती एका लग्नाला लाखनीला गेली होती. निघताना दारातून म्हणाली, “दुपारी प्रिंट काढून ठेवजा. कागद लावा, बटन दाबा, झालं. वाचू नोका. आन् दुसऱ्या कशाले हात लावू नोका.”

मी पोरीला फोन लावला.

“बाबा, त्याच्यावर काय टाकलं म्हणता?”

“दुपट्टा. ओला.”

“ओला?”

“पिळला होता,” मी म्हणालो.

“बाबा! तुम्ही त्याचं नाक दाबून राहिले. आधी काढा तो.”

काढला.

“हे पाहा, मी सिव्हिलची आहे. पूल पडला तं मले विचारा. पण एवढं समजते, का आत प्रोसेसर आहे, तो तापून राहिला. त्याच्या डोक्यावर पंखा असते, तो गरम हवा बाहेर फेकत नसन. लय तापला का तो जीव वाचवाले स्वतःच बंद होते. तुम्ही वायर काढा, बाजूचं झाकण काढा, पंखा लावा आन् थंड होऊ द्या. बटन दाबू नोका. मी क्लास झाला का फोन करते.”

“आणि आईचं नाटक?”

“ते हार्ड डिस्कमध्ये आहे, प्रोसेसरमध्ये नाई. बहुतेक काही होत नाई त्याले.”

फोन ठेवल्यावर बाकीचं सगळं मी विसरलो, तो ‘बहुतेक’ तेवढा राहिला. त्याच्याकडे जितकं पाहावं तितका तो मोठा होत गेला. मी झाकणाचे स्क्रू काढले. माझ्या हाताला घाम होता, पेचकस घसरत होता. आत डोकावलो. हिरवी पाटी, तारांचा गुंता, मधोमध एक काळा पंखा. तो मला काही बोलला नाही, मीही त्याला काही विचारलं नाही.

आता पोरगी पंखा म्हणाली होती. पण नवतप्यात साकोलीत छताचा पंखा काय फेकतो, हे तिला होस्टेलमध्ये राहून विसरायला झालं असेल. आमच्याकडे जे गरम होतं ते कूलरसमोर जातं. माणूस जातो, पाहुणा जातो, शेजारच्यांचं कुत्रं जातं. मी कूलर ओढत आणला. टाकी काठोकाठ भरलेली, बाजूच्या गवती ताट्या आठवड्यापूर्वीच बदललेल्या, खसाचा वास दरवळत होता. उघड्या डब्यासमोर उभा केला आणि सवयीनं दोन्ही बटणं दाबली. पंख्याचं एक, पाण्याच्या मोटरचं एक.

गार वारा सुटला. मीही डब्याच्या बाजूला मांडी घालून बसलो. दोघांनाही बरं वाटतंय असं वाटलं. मग थंड झाला का पाहावं म्हणून, पोरीनं नको म्हटलेलं असतानाही, वायर लावून बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला. टिक् असा आवाज आला. संपलं. दिवा नाही, घुरघुर नाही, काही नाही.

वाकून पाहिलं तर हिरव्या पाटीवर पाण्याचे थेंब थरथरत होते.

मी वायर उपटली, कूलर बंद केला. रोज संध्याकाळी ती त्या खुर्चीवर बसलेली मला दिसत होती. टाईप करताना ओठ हलायचे, पात्राला राग आला की हिच्याही भुवया चढायच्या. आणि मी तिच्या इतक्या महिन्यांवर कूलर लावला होता. पोरीला पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही. तिनं ‘बहुतेक’च्या जागी दुसरा शब्द वापरला असता तर?

घाबरलेला माणूस काहीतरी करत राहतो. मोबाईल पाण्यात पडला की तांदळात ठेवायचा, हे आमच्या जिल्ह्यात पोराबाळांना ठाऊक आहे. धानाचा मुलूख, दर घरी तांदूळ, आणि दर घरी कधी ना कधी एखादा फोन त्यात पुरलेला. फोन वाचतो तर कम्प्युटर का नाही? फक्त तांदूळ जास्त लागेल. रोजचा तांदूळ डब्यात तळाला गेलेला. मग कोंढ्याहून आलेलं चिन्नोरचं पोतं दिसलं. पाहुण्यांसाठी राखलेला, वासाचा तांदूळ. विचार केला नाही. चादर अंथरली, डबा आडवा झोपवला आणि पोतं त्याच्यावर रितं केलं. पंखा, पाटी, तारा, सगळं पांढरं होऊन दिसेनासं झालं. एक कोपरा उघडा राहिला होता, तोही ओंजळीनं झाकला.

मग उशाशी बसून राहिलो. पोरीचा फोन वाजला, मी उचलला नाही. पुन्हा वाजला. तोही नाही.

उन्हं कलली तेव्हा फाटक वाजलं. मी उठून दार उघडलं. बायको लग्नाच्या साडीत, हातात लाडू-चिवड्याची पिशवी, तोंडभर हसू. मला पाहून ते हसू जागच्या जागी थांबलं. माझे केस तांदळाच्या कोंड्यानं पांढरे, डोळे लाल, आणि मी तिला न घाबरवता सांगायचं ठरवलेलं.

“आत ये,” मी म्हणालो. “आधी बस. पाणी पी.”

तिनं चौकट धरली. “काय झालं जी?”

“पाणी पी आधी.”

“काय झालं ते सांगा!” पिशवी खाली पडली.

मला तोंडानं सांगता येईना. मी बाजूला झालो आणि खोलीकडे बोट दाखवलं. ती चपलांसकट आत धावली, चादरीपाशी थांबली आणि त्या ढिगाकडे पाहत राहिली. ढिगातून एक वायर बाहेर आलेली होती.

“हा चिन्नोर आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“याच्यात काय आहे?”

“कम्प्युटर. तापला होता. मग भिजला.”

ती खाली बसली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर मला आधार वाटला असता. तिनं डोळ्यांना पदर लावला, उठून तोंड धुतलं, साडी बदलून आली आणि म्हणाली, “पोरीले लावा फोन. दाखवा तिले.”

पोरगी मोबाईलच्या पडद्यावर आली. मी कॅमेरा ढिगावर धरला.

“बाबा, हा काय पुलाव आहे?”

“हसू नको,” बायको म्हणाली. “काय करायचं सांग.”

तांदळाची काही गरजच नव्हती, असं पोरीनं सांगितलं. नवतप्यात नुसता सावलीत ठेवला असता तरी वाळला असता. आम्ही डबा उकरून काढला, उपडा करून झटकला. चिन्नोर खळाखळा बाहेर आला, पण काही दाणे आतच अडकून बसले. बायकोनं केसातला आकडा काढला आणि एकेक दाणा उचकायला घेतला. मी टॉर्च धरला. उजेड भलतीकडेच पडत होता म्हणून टॉर्च तिनं काढून घेतला आणि दातात धरला.

पोरीच्या सांगण्यावरून पंखा उचलला, तेव्हा खरा रोगी दिसला. पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा थर बसला होता, जुन्या गादीतल्या कापसासारखा दाट. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघाला. आमच्या घरामागून धानाच्या गाड्या राइस मिलकडे जातात. त्यांचा भुसा वर्षभर या डब्यानं श्वासाबरोबर ओढला होता. हवा जायला वाटच नव्हती. पट्ट्यांचा ठोकळा काढल्यावर खाली प्रोसेसर, आणि त्याच्यावरची, उष्णता वर पोचवणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली.

“ती पुसून टाका आन् नवीन लावा,” पोरगी म्हणाली. “तुरीच्या दाण्याएवढीच. बाबाले लावू देऊ नको, आई.”

मी हायवेवरच्या दुकानातून पेस्टची नळी आणली. ती बायकोनं लावली. ठोकळा बसवला, पंखा बसवला आणि डबा रात्रभर ओसरीत सुकायला ठेवला. पेन ड्राईव्ह आणतो म्हटलं, तर या वेळी ती नको म्हणाली नाही. ते पाहून मला आणखीच भीती वाटली.

सकाळी बटण तिनं दाबलं. मी दारात उभा होतो, पळायच्या वाटेवर. पंखा फिरला. फिरत राहिला. किंचाळला नाही. पोरीनं सांगितलं होतं तसा आधी तो निळा पडदा उघडला, प्रोसेसरचा ताप दाखवणारा. आकडा चढत होता, आणि त्याच्याबरोबर मीही चढत होतो. मग तो एका जागी थांबला. खाली आला. पुन्हा थांबला. बायकोनं फाईल शोधली. उघडायला क्षणभर लागला, आणि त्या क्षणात मी काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. पानं आली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवत गेली, शेवटच्या ओळीवर थांबली आणि खुर्चीला पाठ टेकली.

आधी पेन ड्राईव्हवर प्रत घेतली, मग प्रिंटरला कागद लावले. एकेक पान बाहेर येत होतं, ती उचलून जमवत होती. मी अजून बोलणी खायच्या तयारीत, दारातच.

“नाटक गेलं असतं तं मी रडली असती,” ती कागदांकडेच पाहत म्हणाली. “तुमच्याशी मंडईपर्यंत बोलली नसती. पण रडत-रडत पुन्हा लिहिलं असतं. काल दार उघडलं तवा तुमचं तोंड पाहून मले वाटलं, पोरीचं काई झालं. ‘बस’ म्हनता, ‘पानी पी’ म्हनता! दारापासून या खोलीपर्यंत येता-येता मी नागपूरच्या दवाखान्यात जाऊन आली जी. पुढल्या बारी कम्प्युटर मेला तं फाटकातूनच वरडून सांगा, का कम्प्युटर मेला. पानी मी मंग पिईन.”