मायचं हाव

आमच्या मुखेडकडच्या गावात 'हो' हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता. घरात हाव. जेवलीस का, हाव. म्हशीला पाणी दाखवलंस का, हाव. माझी माय तर एकाच हावमध्ये होकार, कंटाळा आणि 'आता पुरे कर' असं सगळं बसवायची. शेताच्या त्या टोकाकडून तिचं लांबलचक 'हाऽऽव' आलं की आम्हाला कळायचं, हाक पोचली, आता ती भाकरी घेऊन निघणार.

अकरावीला लातूरला गेले. पहिल्याच दिवशी होस्टेलच्या बाईंनी विचारलं, "मेस लावायची का?" मी म्हणाले, "हाव." शेजारच्या कॉटवरची मुलगी म्हणाली, "एवढी कसली हाव सुटली गं हिला?" सगळी खोली खिदळली. मी आतून जळाले; पण त्या मुलीवर नाही, मायवर. दिवाळीला घरी गेले तेव्हा तिला शिकवूनच सोडायचं ठरवलं. "माय, हाव नको म्हणू. मोठ्या माणसांपुढं हो म्हणावं." माय पीठ मळता मळता म्हणाली, "हाव, म्हणते की हो." मी कपाळाला हात लावला.

पुढं काही वर्षांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तांदळातले खडे दिसेनात, भाकरी करपायला लागली. एका मोफत शिबिरात नाव दिलं. खात्रीसाठी फोन आला, तो माणसाचा नव्हता, यंत्राचा होता. "ऑपरेशनसाठी येणार असाल तर हो म्हणा." माय म्हणाली, "हाव." समजलं नाही म्हणे, पुन्हा सांगा. "हाव बाई, हाव." तिसऱ्यांदा तर ती ओरडलीच. फोन बंद झाला.

शिबिराच्या दिवशी टॉवेल, तांब्या आणि एक लुगडं पिशवीत भरून आम्ही दोघी एसटीनं गेलो, तर यादीत नाव नाही. यादी घेऊन बसलेला माणूस म्हणाला, "यांनीच नकार दिलाय." असं कसं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सिस्टिमनं केलंय, आमच्या हातात काही न्हाई." परतीच्या गाडीत माय खिडकीबाहेर बघत बसली. तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक. "माझंच काही चुकलं असंल," एवढंच बोलली.

माझं टाळकं सटकलं. कॉलेजातल्या चौघींना गोळा केलं आणि अर्ज लिहिला: यंत्रानं कुणाला नाही म्हटलं, तर जिवंत माणसाकडं दाद मागता यावी, असा कायदा करा. मुखेडच्या बाजारात चहावाल्याकडून टेबल मागून आणलं आणि त्याला कापड बांधलं, 'एआयला कायद्यात आणा'. शेंगा विकणाऱ्या म्हातारीनं कुणाकडून तरी ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "कुणाच्या आयला गं?" आम्ही पोट धरून हसलो. मग तिला मायच्या फोनची गोष्ट सांगितली. तिनं निमूट अंगठा उठवला आणि ओंजळभर ओल्या शेंगा टेबलावर ठेवल्या. अजून त्या शेंगांचा वास नाकात आहे. घसा बसेपर्यंत बोलायचं आणि येताना गाडीत भांडायचं, अर्जात 'नियमन' हा जड शब्द ठेवायचा की काढायचा यावरून. तितक्या खुशीनं मी पुन्हा कधी भांडले नाही.

शेवटी शिबिर भरवणाऱ्या साहेबांनी नांदेडला वेळ दिली. मायला सोबत नेलं. सगळं तिच्या एका शब्दावर होतं. ती काय म्हणाली आणि यंत्रानं काय ऐकलं, हे पटलं तरच पुढच्या यादीत तिचं नाव येणार होतं.

"मावशी, फोनवर तुम्ही काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

माय पदर सावरून उभी राहिली. "हो म्हणले, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मग यंत्राला कळायला पाहिजे होतं की."

मी तिच्या कानाशी लागले. "अगं, जे म्हणालीस तेच सांग ना."

ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तूच तर म्हणलीस बाई, मोठ्या माणसांपुढं हो म्हणावं."

मला मान वर करायची सोय राहिली नाही. यंत्राच्या नावानं बोंबा मारत गावोगाव फिरून राहिले होते, आणि यंत्राच्या आधी मीच तिचं हाव ऐकायला नकार दिला होता. साहेबांना मी ते सगळं सांगितलं, होस्टेलपासून. सांगताना रडले, आणि त्याची लाज वाटली नाही.

नाव आलं. ऑपरेशन झालं. त्या शिबिरात आता माणूस फोन करतो. कायदा अजून यायचाय; मी अर्ज घेऊन फिरतेच आहे.

पण मायनं एक गोष्ट पक्की धरली, की नाव गेलं ते हाव म्हटल्यामुळं. आता ती हो म्हणते. साहेबापुढं, शेजारणीपुढं, म्हशीपुढंसुद्धा. शेताच्या त्या टोकाकडून काही येत नाही. मला त्या आवाजाची लई आठवण येते. म्हणून गावी गेले की मीच मुद्दाम मोठ्यानं हाव म्हणते. परवा तिनं चुलीपाशी बसून विचारलं, "चहा टाकू का?"

"हाव," मी म्हणाले.

तिनं नव्या डोळ्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "हो म्हण गं," म्हणाली. "लोक हासतेत."