सफाईमंत्री

हेडमास्तरनं माझ्या हातात खराटा दिला. प्रार्थनेच्या रांगेसमोर, सगळ्या शाळेदेखत.

"ही आपली सफाईमंत्री," तो म्हणाला. "टाळ्या वाजवा."

देशमुखाची पोरं हसली. टाळ्याही वाजल्या. मी सातवीत होते. राळेगावाकडचं आमचं गाव. माझा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. घरातले देव गेले होते. गावाच्या तोंडातली आमची जात गेली नव्हती.

सफाईमंत्री मला कोणी निवडलं नव्हतं. पोरांनी मला मुख्यमंत्री निवडलं होतं.

झालं असं. हेडमास्तर ऑपरेशनसाठी नागपूरला गेला आणि शाळा राठोड गुरुजींकडे आली. गुरुजी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे, वयानं सगळ्या मास्तरांत लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी कुलूपबंद कपाट उघडलं. नकाशे, गोष्टींची पुस्तकं, सगळं बाहेर. पुस्तकं द्यायचं-घ्यायचं काम पोरांकडे दिलं. तिसरीचे म्हातारे मास्तर कधी तोंड उघडत नसत. गुरुजींनी त्यांना विचारलं, "तुमाले काय शिकवाले आवडते?" ते म्हणाले, "मले कोणी इचारलंच नाही आजवर." दुसऱ्या दिवशी ते पोरांना घेऊन नाल्यावर गेले आणि झाडं ओळखायला शिकवू लागले.

आम्ही वस्तीतली पोरं वर्गात दाराशी बसायचो. गुरुजी म्हणाले, "पुढं या." बस, एवढंच. आम्ही पुढं गेलो.

मग शाळेचं मंत्रिमंडळ. उमेदवारापुढं डबा, प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. माझा डबा भरला. देशमुखाच्या पोराचा अर्धाही नाही. मी रोज प्रार्थनेला "सावधान" म्हणायची आणि सगळी शाळा ताठ व्हायची. माझ्या आवाजात एवढं बळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

हेडमास्तर परत आला. त्यानं आधी गुरुजींना आमच्यापुढं उभं केलं.

"राठोड, तुम्हाला शाळा सांभाळायला दिली होती. तांडा वसवायला नाही."

गुरुजींचे कान लाल झाले. मग त्यानं मला बोलावलं आणि तो खराटा दिला.

मी तो खाली ठेवला. फेकला नाही. ठेवला.

"मले पोराईनं मुख्यमंत्री केलं हाये," मी म्हणाले.

त्यानं छडी मारली. मी हात मागं घेतला नाही. मग तो देशमुखाच्या पोराला म्हणाला, "तू आज्ञा दे." पोरगा ओरडला, "सावधान." पुढच्या रांगा हलल्या. मागच्या हलल्या नाहीत. आमच्या वस्तीतली पोरं, तांड्यावरची, दोन कुणब्यांची पोरंसुद्धा तशीच उभी राहिली. हेडमास्तर छडी घेऊन रांगेत घुसला. दिसेल त्याला मारत सुटला. मी त्याचं तोंड पाहत होते. ओठ थरथरत होते. या माणसाला आमची भीती वाटते, हे त्या दिवशी मी पाहिलं. त्यानंतर मला त्याची कधी वाटली नाही.

माफी मागेपर्यंत माझी शाळा बंद, असा निरोप घरी आला. माय म्हणाली, "माग ना वं, काय जाते तुहं?" बाप निंदण करून आला होता. तो म्हणाला, "मी पाया पडाचं सोडलं. तुले कायले लावू?"

गुरुजींची बदली जंगलपट्टीत झाली. जाताना ते बापाला यवतमाळचं वसतिगृह सांगून गेले. मी तिथं शिकले. मास्तरकी पास झाले.

नेमणुकीच्या वेळी ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं, "कोणती शाळा पाहिजे?" मी त्याच शाळेचं नाव घेतलं.

"तिथं हेडमास्तर कोणाले टिकू देत नाही, बाई."

"म्हणूनच."

हेडमास्तरचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं नाही. मी बापाचं नाव सांगितलं. तेव्हा त्याची तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली आली. दुपारी त्यानं मला बाजूला घेतलं. आवाज एकदम गोड.

"तुम्ही तरुण आहात. इथं खेड्यात काय ठेवलंय? यवतमाळला बदली करून देतो. माझी ओळख आहे."

"मले बदली नको."

"मागचं मनात धरू नये, बाई."

"धरलं हाये," मी म्हणाले. "धरूनच ठेवीन."

लोक म्हणतात, त्याचं वय झालं, सोडून दे. मी सोडत नाही. याला सूड म्हणायचं तर म्हणा. तो इथं आहे तोवर रोज सकाळी त्याच्यासमोरून वर्गात जाईन. माझी पोरं त्याला प्रश्न विचारतील, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. तो रिटायर होईल तेव्हा त्याच्या जागेसाठी पहिला अर्ज माझा असेल. ती जागा मी घेणार. आणि त्यानं बांधलेलं या शाळेत काहीच उभं ठेवणार नाही.